सुट्या भागांचे वाद्य

जुन्या वाद्याविषयीचा आदर ही संगीताच्या इतिहासातील नवी गोष्ट नव्हे. इटलीतील क्रेमोना येथे अंतोनिओ स्त्रादिवारीने घडविलेली व्हायोलिने शतकानुशतके वादकांच्या आणि धनिकांच्या अभिलाषेचा विषय होऊन राहिली आहेत. मिरजेच्या कारागिरांनी बनविलेला जुना तंबोरा गायकाच्या घरी पिढ्यान् पिढ्या जपला जातो. या आदरामागील तर्क सरळ आहे. ते वाद्य विशिष्ट हाताने विशिष्ट लाकडातून निर्माण केलेले असते. तो हात गेला की तसे दुसरे होत नाही. विजेच्या गिटारीला हा तर्क लागू पडत नाही. ती कारखान्यात, अनेक हातांखालून जात, एकसारख्या नगांच्या रूपाने तयार होत आली. तिच्या एका सर्वाधिक प्रसिद्ध जातीच्या घडणीमागील मूळ कल्पनाच अशी, की तिचा कोणताही भाग काढून त्या जागी दुसरा बसविता यावा. अशा वस्तूला दुर्मिळतेचे मोल यावे, आणि तेही तिच्या निर्मितीनंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत यावे, हा विसाव्या शतकाच्या वस्तुसंस्कृतीतील एक विलक्षण विरोधाभास होय. १९६० च्या दशकातील गिटारींचे आकर्षण समजून घ्यावयाचे तर या विरोधाभासापासूनच आरंभ करावा लागतो. त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे जन्मलेली फेंडर कंपनीची ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटार.

लिओ फेंडर (१९०९-१९९१) हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. वाद्याकडे तो दुरुस्तीकाराच्या नजरेने पाहत असे : कोणता भाग लवकर झिजतो, कोणता भाग उघडून पाहता येत नाही, कशामुळे वादकाचा कार्यक्रम अडतो. विजेच्या गिटारी १९३० च्या दशकापासूनच अस्तित्वात होत्या. परंतु त्यांपैकी उभ्या धरून वाजवावयाच्या गिटारी बहुधा पोकळ असत आणि आवाज वाढविला की ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने त्यांची पोकळी स्वतःच घुमू लागे. फेंडरने १९५० साली भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिची दांडी अंगाला सरसाने चिकटविलेली नव्हती. ती स्क्रूंनी आवळलेली होती. दांडीवरील पडदे झिजले तर पूर्वीच्या पद्धतीत कुशल कारागिराकडे जावे लागे. फेंडरच्या योजनेत जुनी दांडी काढावी, नवी बसवावी आणि त्याच संध्याकाळी वादनाला उभे राहावे, इतके ते सोपे झाले. परंपरानिष्ठ वाद्यनिर्मात्यांना या वाद्यात फळीपलीकडे काही दिसत नव्हते.

१९५४ साली आलेली ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही या विचाराची परिणती होती. तिच्या रचनेत हवाईमध्ये जन्मलेल्या फ्रेडी टावारेस या वादक-तंत्रज्ञाचा मोठा वाटा होता. दोन शिंगांसारखे टोकदार खांदे, वादकाच्या बरगडीला रुतू नये म्हणून पाठीमागे दिलेला उतार, तारांखाली तीन ‘पिकअप’ आणि स्वर थरथरविण्यासाठी एक लोखंडी दांडा, असे तिचे स्वरूप. पिकअप म्हणजे सहा लहान लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादाची तार या चुंबकांच्या क्षेत्रात कंप पावली की वेढ्यांत क्षीण विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचे नादात रूपांतर करतो. थरथरविण्याच्या दांड्यासह तिची आरंभीची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती. किंमत थोडी नव्हती, पण नोकरदार तरुणाला हप्त्याने झेपण्याजोगी होती.

पुढील दहा वर्षांत हे वाद्य एका पिढीचे चिन्ह झाले. ब्रिटनने परकीय चलन वाचविण्यासाठी अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर घातलेले निर्बंध १९५९ साली सैल झाले, आणि त्याच वर्षी ‘द शॅडोज’ या वृंदाच्या हँक मार्विनच्या हाती लाल रंगाची स्ट्रॅटोकास्टर आली. तिच्या नुसत्या दर्शनाने कितीएक इंग्रज मुलांनी गिटारवादक होण्याचा निश्चय केला. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर डिक डेल याने तिच्यातून लाटांच्या आघातासारखे वादन काढले. ड्यूपाँ कंपनीने मोटारींसाठी तयार केलेले निळे, लाल, हिरवे रंग फेंडर शेकडा पाच जादा आकारून गिटारींना देऊ लागला. गिटार आणि मोटार या दोन्ही वस्तू तरुणांच्या कल्पनेत एकाच चकाकीने उजळल्या. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकले; सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यानंतर गिटारींची मागणी कारखान्यांच्या आवाक्याबाहेर गेली.

याच भरतीच्या क्षणी लिओ फेंडरने कंपनी विकली. प्रकृती खालावलेली आणि व्याप आटोपेनासा झालेला, अशा स्थितीत त्याने ती आपला सहकारी डॉन रँडल याला १५ लाख डॉलरांना देऊ केली होती. रँडलने मोठा ग्राहक शोधला, आणि जानेवारी १९६५ मध्ये ‘कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम’ या नभोवाणी-दूरचित्रवाणी कंपनीने, म्हणजे सी.बी.एस.ने, १ कोटी ३० लाख डॉलर मोजून फेंडर कंपनी ताब्यात घेतली. या कंपनीने आदल्याच वर्षी ‘न्यूयॉर्क यांकीज’ या विख्यात बेसबॉल संघातील ऐंशी टक्के हिस्सा १ कोटी १२ लाख डॉलरांना घेतला होता. गिटारीचा कारखाना त्याहून महाग पडला, यावरून त्या काळातील अपेक्षांची कल्पना यावी.

‘सी.बी.एस.पूर्व’ हा शब्द पुढे वादकांच्या बोलीत युगभेद दर्शविणारा झाला. प्रत्यक्षात मात्र युग एका रात्रीत पालटले नाही. १९६५ साली त्याच इमारतींत, त्याच यंत्रांवर, तीच माणसे काम करीत होती; साठ्यातील जुने सुटे भाग संपेपर्यंत वापरले जात होते. बदल हळूहळू दिसू लागले. शेजारी मोठा कारखाना उभा राहिला. दांडीच्या टोकाचा आकार १९६५ च्या अखेरीपासून मोठा करण्यात आला. सेल्युलोजच्या पातळ रोगणाऐवजी १९६८ च्या सुमारास पॉलिएस्टरचा जाड, काचेसारखा थर आला. दांडी आवळणारे चार स्क्रू १९७१ मध्ये तीनवर आले. उत्पादन-व्यवस्थापक फॉरेस्ट व्हाइट याने ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या नव्या ध्वनिवर्धकांना मान्यता देण्याचे नाकारले आणि १९६६ मध्ये कारखाना सोडला. यांतील एकेक बदल किरकोळ होता. पण वादकांना त्यांमागे हिशेबनिसाचा हात दिसू लागला, आणि एकदा तो दिसला की प्रत्येक सैल स्क्रू त्याचाच पुरावा ठरू लागला.

जुन्या गिटारीचे आकर्षण जन्मले ते या विश्वासभंगातून. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दहा वर्षांपूर्वीची गिटार ही केवळ वापरलेली, म्हणून स्वस्त गिटार होती. गहाणवटीच्या दुकानांत अशा गिटारी टांगलेल्या असत. नवे वाद्य जुन्याहून उणे आहे, अशी भावना पसरल्याबरोबर हे गणित उलटले. १९७० साली जॉर्ज ग्रून याने नॅशव्हिल येथे जुन्या गिटारींचे दुकान थाटले, आणि त्या दशकात या व्यापाराला स्वतःचे शास्त्र प्राप्त झाले. हस्तलिखिताचा अभ्यासक जशी अखेरची पुष्पिका, शाई आणि अक्षराचे वळण पाहून पोथीचा काळ ठरवितो, तसा जाणकार दांडी काढून तिच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली तारीख वाचू लागला, विद्युत्‌भागांवरील सांकेतिक आकडे जुळवू लागला, डाखाचे जुने सांधे कोणी पुन्हा उकलले आहेत की काय हे पारखू लागला. मूळ रंगावर नंतर कोणी रंग दिला असेल तर किंमत निम्म्यावर येते, असा व्यापारातील ढोबळ नियम झाला.

या श्रद्धेत सत्य किती, हा प्रश्न स्वाभाविक आहे. काही सत्य निश्चित आहे. पूर्वी पिकअपचे वेढे घेताना तार हाताने सरकविली जात असल्याने वेढे किंचित विस्कळीत पडत. त्यामुळे वेटोळ्याचे विद्युत्‌गुण आणि पर्यायाने स्वराची धार बदलते, हे भौतिकशास्त्राला मान्य आहे. जुन्या दांडीच्या कडा वर्षानुवर्षांच्या वादनाने गोलावतात आणि तळहाताला सुखकर होतात. तथापि हातकामाची ही विस्कळीतता गिटारी-गिटारींत भिन्न होती. १९६२ च्या दोन स्ट्रॅटोकास्टर एकमेकींसारख्या वाजतीलच असे नाही. शिवाय टिकले ते उत्तमच होते, असा भास काळ नेहमी निर्माण करतो. वाईट गिटारी मोडल्या, फेकल्या गेल्या, त्यांचे भाग इतरत्र लागले. चांगल्या जपल्या गेल्या आणि आपल्या पिढीच्या प्रतिनिधी ठरल्या.

लाकडाची गोष्टही अशीच. १९५९ पासून स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीवर ब्राझीलच्या गडद शिसवी जातीच्या लाकडाची पट्टी बसविली जात असे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लाकूड मिळणे कठीण होत गेले, तेव्हा फेंडरसह अमेरिकेतील वाद्यनिर्माते भारतीय शिसवीकडे वळले. सह्याद्रीच्या दक्षिणेकडील अरण्यांत वाढणारे, मराठी घरांना पलंग आणि देव्हाऱ्यांमुळे परिचित असलेले हे लाकूड अशा रीतीने जगभरच्या गिटारींवर पोहोचले. नादाच्या दृष्टीने दोहोंतील भेद सांगणे भल्याभल्यांना कठीण. परंतु व्यापाऱ्याच्या वहीत ब्राझीलची पट्टी ही सुवर्णकाळाची खूण आणि भारताची पट्टी ही उतरणीची. १९९२ मध्ये ब्राझीलच्या त्या वृक्षाला आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्वांत कडक संरक्षण मिळाले. २०१७ मध्ये भारतीय शिसवीवरही नियंत्रणे आली, जरी तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली. तुटवड्याने लाकडाला किंमत आणली, आणि किमतीलाच पुढे नादगुण समजण्यात येऊ लागले.

मात्र पट्टी आणि रोगण यांपलीकडे या वाद्यांत माणसांच्या श्रमाची जी खूण आहे, ती भ्रम म्हणून सोडून देता येत नाही. फुलर्टनच्या कारखान्यात मेक्सिकन वंशाचे अनेक स्त्री-पुरुष काम करीत. टाडेओ गोमेझ हा कारागीर दांड्यांना आकार देई आणि त्यांच्या बुडाशी आपली आद्याक्षरे लिही. १९५६ साली रुजू झालेल्या ॲबिगेल ईबारा यांनी पिकअपचे वेढे घेण्याचे काम दीर्घकाळ केले. त्या निवृत्त झाल्या २०१३ मध्ये. त्या काळी ही आद्याक्षरे कारखान्याच्या हिशेबापुरती होती. आज गोमेझची दोन अक्षरे गिटारीच्या किमतीत भर घालतात आणि ईबारा यांच्या हातचे पिकअप संग्राहक मुद्दाम शोधतात. ज्या श्रमाला तेव्हा तासाचे ठरलेले वेतन मिळाले, त्याला कलाकृतीचा दर्जा मिळाला तो माल त्यांच्या हातून निघून गेल्यावर. वाढलेल्या किमतीचा लाभ व्यापाऱ्याच्या आणि संग्राहकाच्या पदरात पडला.

वादकांचा इतिहास मात्र ‘पूर्व’ आणि ‘उत्तर’ या सीमारेषेला फारसे जुमानीत नाही. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने विजेची गिटार हाती घेतली आणि श्रोत्यांतून निषेधाचे सूर उमटले. ती गिटार १९६४ साली बनलेली स्ट्रॅटोकास्टर होती. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती ९,६५,००० डॉलरांना गेली. ही झाली ‘पूर्व’ काळातील गिटार. परंतु १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या व्यासपीठावर जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत ज्या पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टरवर वाजविले, आणि त्यातून बाँब, विमाने व आक्रोश यांचे जे ध्वनी काढले, ती १९६८ ची, मोठ्या टोकाची, सी.बी.एस.च्या अमदानीतील गिटार होती. जाणकारांनी उतरणीचा माल ठरविलेल्या वर्गातले ते एक वाद्य. डावखुऱ्या हेंड्रिक्सने ते उलटे धरले होते. १९९० मध्ये लंडनच्या लिलावात त्याला १,९८,००० पौंड आले. फेंडरने १९६४ साली विद्यार्थ्यांसाठी ‘मस्टँग’ नावाची स्वस्त, आखूड दांडीची गिटार काढली होती. तिचा १९६९ चा एक डावखुरा नग कर्ट कोबेनच्या हाती आला, आणि २०२२ मध्ये तो ४५ लाखांहून अधिक डॉलरांना विकला गेला. ‘जॅग्वार’ आणि ‘जॅझमास्टर’ या फेंडरच्याच महागड्या गिटारी १९७० च्या दशकात कोणी विचारीत नसे. म्हणूनच त्या पैशाने तंग असलेल्या नव्या वादकांच्या आवाक्यात आल्या, त्यांच्या संगीताचा भाग झाल्या, आणि मगच संग्राहकांच्या नजरेत भरल्या.

याहून बोलकी आहेत ती दोन प्रख्यात काळ्या गिटारींची चरित्रे. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर थोडक्या पैशांत विकत घेतल्या. काही त्याने मित्रांना वाटल्या. उरलेल्या तिघींचे उत्तम भाग निवडून एक गिटार जुळविली आणि ती अनेक वर्षे व्यासपीठावर वाजविली. अंग एकीचे, दांडी दुसरीची, अशी ही ‘ब्लॅकी’ २००४ मध्ये ९,५९,५०० डॉलरांना विकली गेली. ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर १९६९ ची, तीही सी.बी.एस.च्या काळातीलच. गिलमोरने तिची दांडी अनेकदा बदलली, पिकअप बदलले, अंगाला भोके पाडून पुन्हा बुजविली. २०१९ मध्ये तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले, आणि ती लिलावात गिटारीला त्या वेळपर्यंत मिळालेली सर्वोच्च किंमत ठरली. मूळ स्क्रूसाठी आग्रह धरणारी बाजारपेठ येथे आपलाच नियम विसरली. या दोन्ही गिटारींना लिओ फेंडरने ज्या हेतूने सुटे भाग योजिले होते, तोच हेतू सिद्धीस गेलेला दिसतो. त्या झिजल्या, उघडल्या गेल्या, बदलल्या, आणि वाजत राहिल्या.

या आकर्षणाचा पुढील टप्पा कारखान्यानेच गाठला. १९८२ मध्ये फेंडरने आपल्याच १९५७ आणि १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टरच्या प्रतिकृती विक्रीस काढल्या. जपानमधील उत्पादकांनी त्याआधीच इतक्या सरस नकला केल्या होत्या की मूळ कंपनीला स्वतःची नक्कल करणे भाग पडले. १९८५ मध्ये सी.बी.एस.ने विल्यम शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांना कंपनी विकली. किंमत होती १ कोटी २५ लाख डॉलर, म्हणजे वीस वर्षांपूर्वी मोजलेल्या रकमेहूनही कमी. १९९५ मध्ये नव्या गिटारींवर मुद्दाम ओरखडे काढून, रोगण तडकवून, धातूला गंज चढवून त्या विकण्यास प्रारंभ झाला. अनेक वर्षांच्या वादनाने जे घडते ते आता ग्राहकाच्या मागणीनुसार, हव्या त्या प्रमाणात मिळू लागले. गतकाळ हाही एक सुटा भाग झाला.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस, चाके, जू, लगाम यांपैकी एकेक वस्तू घेतली तर ती रथ नव्हे. त्या सर्वांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले नाव तेवढे रथ. स्ट्रॅटोकास्टरच्या बाबतीत हा प्रश्न बाजाराच्या भाषेत पुन्हा उपस्थित झाला आहे. संग्राहक तिचे सत्त्व एकेका भागात शोधतो : हा स्क्रू मूळचा, हा डाख अस्पर्श, हा रंग पहिला. वादकाच्या दृष्टीने तिचे सत्त्व जुळणीत आणि त्या जुळणीच्या उपयोगात असते.

हा भेद केवळ तात्त्विक राहिलेला नाही. मूळ स्थितीतील गिटारींच्या किमती जसजशा चढत गेल्या, तसतशा त्या व्यासपीठावरून तिजोऱ्यांत आणि बँकांच्या कोठड्यांत गेल्या. त्यांचे झिजलेले पडदे बदलावयाचे नाहीत, कारण त्याने मोल घटते; आणि झिजल्या पडद्यांवर स्वर शुद्ध लागत नाही, म्हणून त्या वाजवावयाच्याही नाहीत. पडदे झिजले म्हणून वाद्य मुके राहू नये, एवढ्याचसाठी फुलर्टनच्या त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दांडी सरसाने न चिकटविता स्क्रूंनी आवळली होती. त्याच्या हयातीतच त्या स्क्रूंना हात लावणे हे वाद्याचे नुकसान समजले जाऊ लागले. वापराने मौल्यवान झालेल्या वस्तूला वापरापासून दूर ठेवावे लागते, ही १९६० च्या दशकातील या गिटारींच्या इतिहासाची विपरीत परिणती आहे. लाकूड आणि तार जपली जाईल. तिचा नाद कसा होता हे कळण्यासाठी मात्र कोणीतरी ती उघडून, दुरुस्त करून, पुन्हा झिजविण्यास सिद्ध असले पाहिजे.